आठ वेळा

खराडीत, सातव्या मजल्यावर,
एसी इतका की भर दुपारी शाल घेऊन बसतात
ताम्हनकर बाई.
वय अडुसष्ट. गळ्यात व्हिजिटरचा पट्टा.
सहकारनगरहून दोन बस बदलून येतात,
कारण ही फाइल वाचता येणारं
आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

भोसरीच्या एका कारखान्याची औषधोपचार योजना.
एक कामगार, एक ओळ,
आणि ओळीच्या पोटात आठ खण, एकेचाळीस बाईटांचा एक:
नाव, नातं, जन्मतारीख,
नाव, नातं, जन्मतारीख,
असं आठ वेळा, माणसं असोत नसोत.
एकट्या माणसालाही आठच,
सात नुसते मोकळे.
"आणि नववं झालं तर?"
"साहेब म्हणाले, नववं होणार नाही.
झालं दोघांकडे. एकाच्या आईचं नाव काढलं आम्ही."

माझं काम सोपं. ओळ फोडायची.
खणातला एकेक जण उचलून
वेगळ्या टेबलात स्वतःच्या ओळीवर बसवायचा,
शेजारी कामगाराचा टोकन नंबर,
म्हणजे कोणाच्या घरचा ते हरवायला नको.
"आणि क्रमांक घाल," बाई म्हणाल्या,
"कितव्या खणात होता तो.
इथे थोरलं-धाकटं जागेवरून कळायचं.
तुझ्या टेबलाला पहिलं-शेवटचं काही नसतं."
घातला रकाना.

अकरा हजार दोनशे ओळींची
सदतीस हजार माणसं झाली, चहा येईपर्यंत.

अडकलं टोकन ४०७१ ला.
सोपान गेनू लांडगे, फाउंड्री.
मोजणीचा आकडा सांगतो, तीन.
हौसाबाई, बायको. नवनाथ, मुलगा. अलका, मुलगी.
पण चौथा खण मोकळा नाही.

"मधलं नाव काढलं की खालची वर सरकायची,
शेवटचं मागे तसंच राहायचं, दुबार.
पुसत नव्हतो आम्ही. आकडा एकाने कमी केला, झालं.
मशीनचा वेळ मोजून मिळायचा तेव्हा.
बघ, अलकाच असेल दुसऱ्यांदा."

अलका नव्हती.
सुमन. मुलगी. जन्म मार्च एकोणऐंशी.
म्हणजे कोणी सरकलंच नव्हतं,
शेवटचीच काढली होती.
ओळीला शेवटचा हात लागला ऑगस्ट त्र्याऐंशीत.

बाईंनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसला,
परत घातला नाही.
कारणासाठी खण ठेवलेला नव्हता.
"ठेवायला हवा होता, नाही?"
हे मला विचारलं
की त्र्याऐंशीतल्या कोणाला, कळलं नाही.

रेशन कार्डावर निदान रेघ मारतात.
रेघेखालचं वाचता येतं.

नियम लिहून दिलेला आहे, त्यावर सही आहे:
आकड्याच्या पुढचं वाचायचं नाही.
मी लूप तीनवर थांबू दिला.
लांडगे कुटुंबाच्या ओळी झाल्या, एक, दोन, तीन.
लॉगमध्ये मशीनने आपणहून लिहिलं,
टोकन ४०७१, एकेचाळीस बाईट सोडले.

साडेपाचला बाई उठल्या. सहानंतर बस भरून येते.
लिफ्टपाशी थांबून म्हणाल्या,
"तो लॉग किती दिवस ठेवता तुम्ही?"
"तीस."
"वाढवता येतो?"
"विचारावं लागेल."
"विचार," म्हणाल्या, आणि लिफ्ट आली.
दार मिटलं तेव्हा माझ्या लक्षात आलं,
व्हिजिटरचा पट्टा
त्यांच्या गळ्यातच राहिला.